चंद्रीसाठी समुद्र

गोरक्षने कागदाच्या चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून तो फ्रिजच्या दारावर दाबून बसवला आणि दोन पावलं मागे येऊन समाधानाने पाहिलं. विशाखापट्टणम, चार दिवस, तीन माणसं. पहिल्या दिवशी पाणबुडीचं संग्रहालय, दुसऱ्या दिवशी कैलासगिरीचा रोप-वे, मग ऋषिकोंड्याचा किनारा. मुक्कामाला समुद्रासमोरचं हॉटेल. ते ठरवताना त्याने बारा हॉटेलांबद्दल लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचलं होतं. चाकणच्या कंपनीत कुठल्या मशीनवर कोण, हे रोज तोच ठरवायचा. सहल आखणं म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ होता.

कागदाच्या तळाशी एक ओळ होती : घर व म्हैस – आये.

कणीक मळता मळता तनुजा उठली आणि त्या ओळीवर तिने पिठाचं बोट ठेवलं. नवऱ्यासारखीच तीही कारखान्यात होती, भोसरीला.

"अहो, एखादं मशीन एकाच माणसाला येत असेल तर तुमच्या त्या स्किल मॅट्रिक्सच्या तक्त्यात काय करता?"

"लाल खूण करतो. आणि दुसरा माणूस तयार करतो."

"मग ही ओळ लाल करा."

गोरक्ष हसला. मग त्याचं हसू मावळलं.

घरातलं कुणीही कुठं निघालं की मागे त्याची आई, सारजाबाई, राहायची, हे इतकं ठरून गेलेलं होतं की तिला विचारायचंही कुणाच्या ध्यानात यायचं नाही. म्हैस चंद्री तिच्याशिवाय कुणाला पान्हा सोडत नव्हती. शेजारच्या शालनबाईने एकदा धार काढायला बसून पाहिलं होतं, तेव्हा बादली एकीकडे आणि शालनबाई दुसरीकडे अशी गत झाली होती.

"मी बरी हाय हितं," कोपऱ्यात मटार सोलत बसलेली सारजाबाई म्हणाली. "टीव्हीत बघितलाय की समुद्र." तिने दोन शेंगा सोलल्या. "पण का रं, ते पाणी खरंच पायापतूर येऊन माघारी जातं का?"

जगाचे तक्ते मांडणाऱ्या माणसाला आपल्या आईची हौस कधी दिसली नव्हती, याची गोरक्षला सरळसरळ लाज वाटली. त्याने खिशातून पेन काढलं, 'आये' खोडून तिथे 'गोरक्ष' लिहिलं आणि त्याच बैठकीत आपलं तिकीट रद्द करून तिचं काढलं.

"आरं, तुझ्याबिगर कसली सहल?"

"आये, त्या गावची गल्लीन् गल्ली मला पाठ झालीय. आता जाऊन काय करू?"

शिकायला आठ दिवस होते. पहिल्या चार दिवसांत चंद्रीने त्याला दोनदा लाथ मारली आणि एकदा शेपटीचा फटका थेट डोळ्यावर दिला. पाचव्या दिवशी सारजाबाईने स्वतःचं रोजचं हिरवं लुगडं त्याच्या पँटवरून गुंडाळलं, पदर खांद्यावर टाकला.

"काठ वळखती ती माझं. बस आता."

चंद्रीने मान वळवून हुंगलं, सुस्कारा सोडला आणि पान्हवली. गोठ्याच्या दारात तनुजाने फोटो काढला.

"नीट काढ," गोरक्ष म्हणाला. "ट्रेनिंगचा पुरावा हाय."

बुधवारी दुपारी सारजाबाई, तनुजा आणि लेक ईश्वरी विमानतळाकडे गेल्या. संध्याकाळी गोरक्ष ऐटीत लुगडं घ्यायला गेला, तर ते अंगणातल्या दोरीवर वाळत होतं. गावाला जाताना घरात मळकं कापड ठेवायचं नाही, हा सारजाबाईचा जन्माचा नेम. तिने नेमाप्रमाणे घरातलं झाडून सगळं धुतलं होतं. लुगड्याला साबणाच्या पावडरीचा वास येत होता. ट्रंकेतली लुगडी हुंगून पाहिली, त्यांनाही तोच.

तरी तेच गुंडाळून तो बसला. चंद्रीने हुंगलं आणि तोंड फिरवलं. काठ तेच होते, पण काठाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तासभर गोंजारूनही थेंब आला नाही. एक फोन केला असता तर आये मिळेल त्या विमानाने माघारी आली असती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्याने फोन केला नाही.

गुरुवार उजाडण्याआधी तो पुन्हा लुगडं गुंडाळून बादली घेऊन बसला. चंद्रीची कास दगडासारखी झाली होती आणि ती रात्रीपासून हंबरत होती. इतक्यात खिशातला फोन वाजला. आयेचा व्हिडिओ कॉल होता.

"गोरख्या! ऐकू येतंय का रं?"

चंद्रीचे कान उभे राहिले.

ते गोरक्षने पाहिलं. त्याने आवाज मोठा करून फोन गव्हाणीच्या काठावर, आयेला गोठा दिसू नये म्हणून पडदा छपराकडे करून ठेवला.

"आये, हितं अंधार हाय, काय दिसत न्हाई. तूच सांग, कसा हाय समुद्र?"

"आता काय सांगू? हितं दिवस वर आलाय, पाण्यातनंच आला. लई मोठं हाय रं. येतंय, पाय धुतंय, आन् जाताना पायाखालची वाळू वढून नेतंय. मी म्हणलं, वाळू ने बाबा, मला ऱ्हाऊ दे." ती स्वतःशीच हसली. "तनू म्हणती, पाणबुडी बघायची. मी म्हणलं, तुमी जावा. मी हितंच बसते."

बादलीच्या बुडावर पहिली धार वाजली.

"सोडलं का चंद्रीनं?"

"न सोडून जाती कुठं?" गोरक्ष म्हणाला. "तू सांग. रंग कसला हाय?"

"सारखा बदलतोय की. आदी काळा हुता, आता ताकासारखा फेस सुटलाय." मागून लाट फुटल्याचा आवाज आला. "एवढं तू मला कंदी इचारलं न्हाईस, गोरख्या."

गोरक्ष धारा काढत राहिला. आये लाटांबद्दल सांगत होती, शेजारी बसलेल्या कोळणीबद्दल, जिची भाषा कळत नव्हती तरी तिने आयेला बसायला पोतं दिलं होतं.

कास रिकामी झाली. चंद्री डोळे मिटून रवंथ करू लागली. गोरक्षने फेसाने भरलेली बादली बाजूला सरकवली, थंडी होती म्हणून पदर गुडघ्यांवर ओढून घेतला, आणि तिथेच बसून राहिला.

"पुढं सांग, आये," तो म्हणाला.