वीतभर सरकलेली रेघ

"आणि त्यांचा गोली? अरे, चाळणी होती ती, चाळणी!" एक्क्याऐंशी सालचा कप्तान गार्नेट माइकवर ओरडला, तशी अख्खी गॅलरी हसली.

ओरेस्ट यंत्रघराच्या दारात उभा होता. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या त्या शहराचं बर्फ-हॉकीगृह आज बंद होणार होतं. चाळीस वर्षं इथला बर्फ त्यानंच जमवला, रेघा त्यानंच आखल्या. इतिहासाच्या स्मरणिकेत महापौर होते, खेळाडू होते, पॉपकॉर्नवालीसुद्धा होती. ओरेस्ट तेवढा नव्हता. त्याचं त्याला फारसं काही नव्हतं. पण ती चाळणी म्हणजे त्याचा थोरला भाऊ मायरन, शेजारच्या खाणगावाचा गोलरक्षक. अंतिम सामन्यातल्या गार्नेटच्या त्या एका गोलनंतर त्यानं पुन्हा पायात स्केट घातले नाहीत. दुकानात गेला तरी लोक चिडवत. गेल्या हिवाळ्यात तो वारला. त्याची बायको हाल्या मागच्या बाकावर मांडीवर कोट घेऊन बसली होती.

"ओरेस्ट, दाब रे बाबा बटण! कॉफी गार होतेय," गार्नेटनं हाक मारली. बर्फ गोठवणारं यंत्र बंद करायचा मान तेवढा त्याच्या वाट्याला आला होता.

ओरेस्टनं माइक हातात घेतला.

"तो गोल खोटा होता. मी नवा होतो. आखायची दोरी शेजारच्या खिळ्याला अडकवली आणि निळी रेघ गोलकडे वीतभर सरकली. रेघ जागेवर असती, तर गार्नेट, तू चकतीच्या आधी ती ओलांडलीस असं दिसलं असतं. नियमाप्रमाणे शिट्टीच वाजली असती, गोल धरलाच नसता. मायरनचा काही दोष नव्हता."

गार्नेटनं मांडीवर थाप मारली. "भावासाठी काय पुडी सोडलीय पठ्ठ्यानं!" टाळ्या पडल्या आणि लोक केककडे वळले.

हाल्या तेवढी हसली नाही. ती कठड्यापाशी आली.

"तुला कधी कळलं?"

"त्याच मार्चमध्ये. बर्फ काढताना चुकीचा खिळा दिसला."

"मायरनला सांगितलंस?"

"नाही." आधी नोकरीची भीती होती, नंतर भावाची.

"दर नाताळला रीतीचे बारा पदार्थ रांधून वाढले मी तुला," ती म्हणाली. "त्याच्या शेजारी बसून जेवलास." कोट चढवून ती निघून गेली.

ओरेस्टनं बटण दाबलं. तिसऱ्या दिवशी बर्फ वितळत निळ्या रेघेपर्यंत आला. रबरी झाडूनं तो निळं पाणी गटाराकडे लोटत राहिला. पुसली जाईपर्यंत या वेळची रेघ अगदी जागेवर होती.