घड्यातला बाप

मित्रांनो, मी एक जुना घडा आहे. पाणी भरायचा नव्हे, ऑक्टोपस धरायचा. जेर्बा बेटावरच्या गल्लाला गावात एका कुंभाराने मला चाकावर चढवलं, भट्टीत भाजलं आणि माझ्या भावंडांबरोबर गवतात गुंडाळून केर्केन्ना बेटावर जाणाऱ्या बोटीत घातलं. तिथे खमैस नावाच्या मच्छीमाराने मला घेतलं. माझ्या गळ्यात दोरी बांधली, आम्हा सगळ्यांना एका लांब दोरखंडाला ओवलं आणि कमरेएवढ्या पाण्यात, तळाच्या वाळूवर आडवं टाकून दिलं.

आमच्या कामात आमिष नसतं. ऑक्टोपसला अंधारं बीळ फार आवडतं. तो आपण होऊन आत शिरतो, अंग आवळून बसतो आणि मालकाने दोरी ओढली तरी पळत नाही. उलट आणखी घट्ट चिकटतो. घर सोडायचं नाही या हट्टापायीच तो बोटीत येतो. हे काम मला मनापासून कधी आवडलं नाही, पण घड्याला विचारतो कोण. खमैस मात्र माझ्यावर खूश होता. मी रिकामा असा क्वचितच वर यायचो. मला थोपटून तो म्हणायचा, "हा माझा बरकतीचा घडा." खोटं कशाला बोलू, ते ऐकायला बरं वाटायचं.

मग एका वर्षी हंगाम संपत आला असताना खमैस धक्क्यावर घसरला आणि त्याचा खांदा निखळला. तो घरी पडून राहिला आणि आम्ही तळाशी. दोरी कुणी ओढेना. माझ्या पाठीवर शेवाळ चढलं, कालवं चिकटली, तोंडाशी वाळू साचली. इतकी वर्षं राबलो आणि आता कुणी ढुंकून बघत नाही, म्हणून मी कुढत पडलो होतो.

अशा वेळी तो आला. बोटाएवढा मासा, रंग तळाच्या वाळूचा, डोळे थेट डोक्यावर. पोटाखालचे पर जुळून त्यांची वाटी झालेली, तिने तो दगडाला धरून बसायचा. तुमच्या खाडीच्या चिखलात निवट्या उड्या मारतात ना, त्यांच्याच भावकीतला. फक्त पाण्याबाहेर त्याचं काही चालत नाही. त्याने मला आतून बाहेरून पाहिलं, बाहेर गेला, परत आला आणि कामाला लागला. तोंडात वाळू भरायची, बाहेर नेऊन थुंकायची. माझ्या आतल्या वरच्या बाजूचं, म्हणजे छताचं, शेवाळ खरवडून काढायचं. माझ्या तोंडाशी वाळूचा बांध घालून त्याने आपल्यापुरती वाट ठेवली. एवढं नीटनेटकं मला खमैसनेही कधी ठेवलं नव्हतं.

घर लागल्यावर नवरदेव अंगाने काळा झाला, पर फुलवून दारात नाचू लागला. माद्या येत, घर बघत, काही नाक मुरडून जात. ज्यांना पसंत पडलं त्या आत आल्या, उलट्या होऊन छताला पोट घासत अंडी चिकटवत गेल्या. एकीची झाली की दुसरी. अंडी घातली की बाई निघून जायची, मागे वळूनसुद्धा बघायची नाही. राहिला तो एकटा बाप.

मित्रांनो, बापपण काय असतं ते मी तेव्हा पाहिलं. तो छताखाली उभा राहून परांनी अंड्यांना वारा घालायचा, म्हणजे पाणी खेळतं ठेवायचा. खेकडा दाराशी आला की स्वतःच्या दसपट जनावरावर धावून जायचा. खायला बाहेर जायचा नाही. पार हाडकला. एकदा मी त्याला दोन-चार अंडी खाताना पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. नंतर लक्षात आलं, त्या अंड्यांवर बुरशी धरली होती. ती काढली नसती तर सगळीच गेली असती.

हळूहळू अंड्यांत डोळे दिसू लागले, चांदीचे बारीक ठिपके. एका संध्याकाळी ती फुटली. पापणीच्या केसाएवढी, आरपार दिसणारी पोरं माझ्या पोटात भरून गेली. बाप शेपटीने पाणी ढकलत त्यांना दाराबाहेर काढत होता. तळाच्या माशाची पोरं, पण त्यांचं बाळपण तळाशी नाहीच. प्रवाह नेईल तिकडे वर तरंगत जायचं, जेलीफिश आणि तारल्यांच्या तोंडून वाचायचं, आणि वाचलं तर मोठं होऊन परत खाली यायचं. बऱ्याच दिवसांनी काचेसारखी दोन-तीन पोरं खाली उतरली आणि माझ्या तोंडाशी वाळूवर बसली. त्याचीच असतील की दुसऱ्या कुणाची, देव जाणे. बापाने त्यांना हुसकावून लावलं. घरात तोवर दुसरी अंडी होती.

या दुसऱ्या खेपेची गोष्ट सांगण्यासाठीच मी एवढा बोललो. त्या अंड्यांत डोळे उतरले होते. आज फुटतील की उद्या, एवढाच प्रश्न होता. आणि त्या दिवशी सकाळी वर बोटीची सावली पडली.

बोटीत खमैस होता आणि दोरी त्याची बायको हल्लूमा ओढत होती. बंदरावरच्या साहेबाने तंबी दिली होती, हंगाम संपून गेला, घडे वर काढ.

"जरा जोर लाव ना," खमैस म्हणाला.

हल्लूमाला राग आला की ती नवऱ्याच्या नावाआधी 'सी', म्हणजे 'श्रीयुत', लावून मान देऊन बोलते. "लावते हो, सी खमैस. तुम्ही खांदा सांभाळा, भाकरी खा, हुकूम सोडा. दोरी काय, ओढेल ही म्हातारी."

"म्हातारी कुठली? लग्नात होतीस तशीच आहेस. तेव्हाही अशीच करवादायचीस."

ती हसली आणि पहिला घडा वर आला. त्यात ऑक्टोपसची मादी होती, पाठीमागे पांढऱ्या अंड्यांचे झुबके लोंबत होते.

"बाळंतीण आहे रे," हल्लूमाचा आवाज एकदम खाली आला. "हात लावू नकोस."

आमच्या बेटावरची ही रीत आहे. अंड्यांवर बसलेली मादी कुणी घेत नाही आणि तिचा घडा पाण्यात फेकतही नाहीत. हाताने तळाशी नेऊन ठेवतात. हल्लूमा कपड्यांसकट बोटीतून उतरली, घडा छातीशी धरून चालत गेली आणि होता तसा ठेवून आली.

"साहेबाला काय सांगशील?" खमैसने विचारलं.

"सांगीन, बाळंतीण होती. साहेबालाही आई असेलच की."

मित्रांनो, हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, अशी माणसं असल्यावर काळजी कसली. आता मला उचलतील, आत बघतील आणि मलाही तसंच हाताने परत ठेवतील.

दोरीला हिसका बसला. मी वर आलो, पाणी बदाबदा ओतलं गेलं आणि अंडी उघड्या हवेत आली. बाप पळाला नाही. माझ्या तळाशी उरलेल्या घोटभर पाण्यात तो भिंतीला चिकटून राहिला. हल्लूमाने आत डोकावलं. ऑक्टोपस नव्हता. तिने तळवा आत घालून छतावरून फिरवला.

"आतून खरखरीत झालाय. रवा सांडल्यासारखं लागतंय काहीतरी."

"शेवाळ धरलं असेल. ओलं आहे तोवर घासून टाक, वाळलं की दगड होईल. मळक्या घड्यात ऑक्टोपस पाऊल टाकत नाही," खमैस म्हणाला. "आणि नीट घास हां, माझा बरकतीचा आहे तो."

त्यांना अंडी माहीत होती ती लोंबणाऱ्या झुबक्यांची. छताला चिकटलेला हा पातळ थरही अंडीच आहेत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. हल्लूमाने मूठभर वाळू घेतली, खजुराच्या काथ्याचा बोळा घेतला आणि घासायला सुरुवात केली. मला ओरडायचं होतं. हातातून निसटायचं होतं, निदान तिचं बोट कापेल एवढा तडा तरी जावा असं वाटत होतं. कुंभाराने मला चांगला पक्का भाजला होता. मी काहीही करू शकलो नाही.

अर्धं छत झालं असेल नसेल, तोच बाप घसरून बाहेर पडला आणि बोटीच्या फळीवर तडफडू लागला.

"अरे, हा आत काय करत होता?" हल्लूमा म्हणाली.

"चुकून शिरला असेल. दे टाकून."

"टाकून काय देतोस, जीव आहे त्याला." तिने मला कडेवर धरलं, दुसऱ्या हाताच्या खोलगट तळव्यात पाणी घेऊन त्यात त्याला उचललं आणि अलगद समुद्रात सोडलं. "जा बाबा, जा घरी. पोरंबाळं वाट बघत असतील."

पाणी नितळ होतं. मी बोटीतून सगळं पाहत होतो. तो सरळ खाली गेला, मी जिथे पडलो होतो त्या वाळूतल्या खड्ड्यात. माझं छत जिथे असायचं त्याखाली उभा राहिला आणि परांनी वारा घालू लागला.

हल्लूमाने हात पुसले आणि उरलेलं अर्धं घासून काढलं.

आता मी त्यांच्या अंगणाच्या भिंतीवर पालथा आहे. स्वच्छ, लालभडक. येणाऱ्याजाणाऱ्याला खमैस कौतुकाने दाखवतो, बघा, कसा नवा दिसतो.

मित्रांनो, किनाऱ्यावर खेळताना तुम्ही शिंपले उचलता, दगड उलटे करता, फुटकी भांडी वर काढता. तेव्हा त्यांच्या आतल्या बाजूकडे एकदा नीट बघा. रवाळ काही चिकटलेलं दिसलं तर खरवडू नका, होतं तसं परत ठेवा. आणि बघायला शिकलात की दुसऱ्यालाही सांगा. हल्लूमाला कुणी एकदा सांगितलं असतं, तर तिने मलाही छातीशी धरून त्या खड्ड्यापर्यंत चालत नेलं असतं. हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून मला तिच्यावर रागावतासुद्धा येत नाही.