आर्नुल्फोची छाती

"शर्ट काढा," एबेल्यो कागदावरची नजर न उचलता म्हणाला. मग त्याने वर पाहिलं. समोरच्या जाडजूड माणसाने शर्ट काढला होता, पण दोन्ही हात छातीवर आडवे घट्ट धरून ठेवले होते. त्या हातांवरूनच एबेल्योने त्याला ओळखलं. नाव नंतर वाचलं: आर्नुल्फो वियाफारा, वय चौपन्न, बसचालक.

चाळीस वर्षांपूर्वी काली शहरातल्या एका शाळेत हे दोघं एका बाकावर बसत. तेराव्या-चौदाव्या वर्षी बाकीच्या पोरांना मिसरूड फुटलं, आणि या दोघांना मिसरुडाबरोबर छातीही आली, मुलींसारखी. मैदानावर एक संघ शर्ट घालून खेळायचा, दुसरा उघडा. हे दोघं कायम शर्टवाल्यांत. दारातून आत आले की मागून कोणीतरी म्हणायचं, "आल्या बघा बहिणी." आर्नुल्फो रडायचा. एबेल्यो रडला नाही. त्याने आईच्या कपाटातून एक रुंद पट्टा घेतला आणि छातीवर आवळून बांधला. तो पट्टा त्यानंतर कितीदा बदलला, पण सुटला मात्र नाही. लग्न झालं तरी सुटला नाही. बायकोने कधी त्याचा विषय काढला नाही, आणि तिच्या त्या न काढण्याचाही त्याला राग यायचा.

नशीब असं, की नोकरी लागली ती प्लास्टिक सर्जरीच्या दवाखान्यात. बावीस वर्षं तो तिथे जखमा धूत होता, पट्ट्या बदलत होता. पूर्वी सगळ्या बायकाच यायच्या. अलीकडे पुरुषही येऊ लागले, छाती सपाट करून घ्यायला, आणि त्यांचं सगळं एबेल्योकडे आलं. मापं घ्यायची, फोटो काढायचे, काय काय होणार ते समजावून सांगायचं. किती जण त्याच्या हाताखालून सपाट होऊन गेले. स्वतः त्या टेबलावर झोपायचं तर ज्यांच्याबरोबर रोज कॉफी प्यायची त्यांच्यासमोरच उघडं व्हावं लागलं असतं. दुसऱ्या शहरात जाऊन शस्त्रक्रिया करून घ्यावी, असं तो दर वर्षी ठरवायचा.

"एबेल्यो? अरे लेका, तूच ना?" आर्नुल्फोने हात खाली घेतले. ओळखीच्या माणसासमोर त्याला एकदम हायसं वाटलेलं दिसत होतं. त्याने आपणहून सगळं सांगितलं. गेल्या वर्षी बस चालवताना छातीत कळ आली. सरकारी दवाखान्यात हृदयाचा आलेख काढायला शर्ट काढा म्हणाले. खोलीत दोन शिकाऊ मुली उभ्या होत्या. तो लघवीला जातो म्हणून उठला तो थेट घरी गेला.

"मेलो असतो ना," तो म्हणाला. "लाजेपायी मेलो असतो. मुलीला कळलं तेव्हा ती इतकी रडली. मग म्हटलं, बास झालं आता."

इतकी वर्षं अनोळखी लोक सपाट होऊन गेले, त्याचं एबेल्योला फार काही वाटलं नव्हतं. पण हा त्याच्या बाकावरचा माणूस होता. या जगात त्याच्यासारखा निदान एक तरी जण आहे, एवढाच काय तो आजवर आधार होता, आणि तोही आता उठून चालला होता.

त्याने कागद पुढे ओढला आणि सांगायला सुरुवात केली. भूल दिल्यावर आधी नळीने चरबी ओढतात. मग स्तनाग्राच्या कडेला अर्धगोल चीर देऊन आतली गाठ कापून काढतात. दोन्ही बाजूंना नळ्या राहतात, त्यातून रक्त-पाणी येत राहतं. सहा आठवडे आवळ बंडी घालायची, झोपतानासुद्धा. उताणंच झोपायचं. अंग काळंनिळं पडतं. स्तनाग्र महिनोन् महिने बधिर राहतं, कधीकधी कायमचं. क्वचित ते काळं पडून गळतं. जास्त काढलं गेलं तर तिथे खळगा पडतो. दुखतं, खूप दुखतं.

त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. त्याने फक्त चांगलं तेवढं वगळलं होतं. बहुतेकांचं नीट होतं, आठवड्याभरात माणूस हिंडू-फिरू लागतो, दोन-तीन महिन्यांत व्रण शोधावे लागतात, हे तो इतरांना आवर्जून सांगायचा.

आर्नुल्फोचा चेहरा उतरला. तो नखं बघत बसला. मग म्हणाला, "तू असतास तर केली असतीस?"

"नाही," एबेल्यो म्हणाला.

त्याला खात्री होती, हा आता येणार नाही. पण मंगळवारच्या शस्त्रक्रियांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आर्नुल्फोचं नाव होतं. डॉक्टर ग्राखालेस बाईंनी दोन तासांत काम उरकलं आणि सगळं उत्तम झालं म्हणाल्या. जेवणानंतर एबेल्यो त्याला बघायला गेला, आणि बंडी उघडताच थबकला. उजवी बाजू सपाट होती, चौदा वर्षांच्या पोराची असावी तशी. डावी बाजू मात्र टम्म फुगून ताणली होती, आणि त्या बाजूच्या नळीत लालभडक रक्त भरत होतं.

"कधीपासून दुखतंय?"

"तासभर झाला. तू सांगितलं होतंस ना, खूप दुखतं म्हणून. म्हटलं हेच असेल, गप्प पडून राहावं."

एबेल्यो त्या उजव्या बाजूकडे बघत उभा राहिला. बिघडू दे, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं. पुढे कधी आठवलं की त्याला वाटायचं, आपण फार तर दहा आकडे मोजावे तेवढा वेळ उभे होतो. पण त्या दहा आकड्यांनी त्याला नंतर कित्येक रात्री जागवलं. मग तो वळला आणि कॉरिडॉरमधून पळत सुटला. बावीस वर्षांत त्याला तिथे पळताना कोणी पाहिलं नव्हतं. बाईंनी आर्नुल्फोला पुन्हा आत घेतलं, साठलेलं रक्त काढलं, फुटलेली शीर बांधली. वेळेवर लक्षात आलं म्हणून, असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. एबेल्योने मान खाली घातली.

पुढचे सहा आठवडे आर्नुल्फो दर सोमवारी येत राहिला, येताना गरम पांदेबोनोची, म्हणजे चीजच्या छोट्या पावांची, पुडी घेऊन. जांभळं अंग हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं झालं. सूज उतरत गेली तशी खालची छाती वर येत गेली, रुंद आणि पुरुषी. एबेल्यो रोजच्याच बोटांनी ती चाचपायचा, दोन्हीकडे सारखी आहे म्हणायचा, आणि घरी जाऊन बायकोवर विनाकारण खेकसायचा.

शेवटच्या सोमवारी त्याने फोटो काढले. आर्नुल्फो आरशासमोर उभा राहिला. एका बाजूला वळला, परत समोर वळला.

"मी तुला मुद्दाम घाबरवलं होतं," एबेल्यो त्याच्या पाठीमागून म्हणाला. "चांगलं काहीच सांगितलं नाही."

"माहितेय." आर्नुल्फो आरशातूनच त्याच्याकडे बघत होता. "त्याच दिवशी बाहेर एक पोरगा भेटला होता, छातीचंच करायला आलेला. त्याला तू सगळं नीट सांगितलं होतंस." तो पुढे म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं."

मग वळून अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "अजून बांधतोस ना?"

चाळीस वर्षांत हे एबेल्योला कोणी विचारलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

तूही करून टाक, असं आर्नुल्फो म्हणाला नाही. त्याने एबेल्योच्या दंडावर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला, आणि शर्ट घालून निघून गेला.

त्यानंतर महिन्याभराने, दुपारच्या सुट्टीत एबेल्यो कोपऱ्यावरच्या बेकरीसमोर उभा होता. सिग्नलला एक बस येऊन थांबली. चालकाच्या शर्टाची वरची तीन बटणं उघडी होती. खिडकीतून वारा आत येऊन शर्ट छातीला चिकटत होता, आणि चालकाला त्याचं भानही नव्हतं. तो शेजारच्या टॅक्सीवाल्याशी हसून भांडत होता. एबेल्योने हात वर केला. आर्नुल्फोचं लक्ष गेलं नाही. दिवा हिरवा झाला.

"कोण ते?" बेकरीतल्या बाईने विचारलं.

"माझ्या वर्गातला," एबेल्यो म्हणाला, आणि बस वळून दिसेनाशी होईपर्यंत हात तसाच वर ठेवून उभा राहिला.