घोडा दोन ओळी दूर

फारसी ही बादशहांची, शायरांची आणि सभ्य माणसांची भाषा. ती ज्याच्या ओठांवर बसली त्याला दुनियेतला कुठलाही दरवाजा बंद राहत नाही. निजामाच्या मुलखात, हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या वस्तानिया शाळेत, म्हणजे मिडलात, ती सगळ्याच पोरांच्या ओठांवर बसवली जाई. कारण संस्कृतचे पंडितजी चार वर्षांपूर्वी भाच्याच्या मुंजीला म्हणून रजेवर गेले, ते अजून मुंजीतच होते.

फारसीला गुलाम नबी मास्तर होते. किताब एकच, तीही त्यांची. तिच्यातले नऊ ते बारा हे धडे वाळवीनं खाल्लेले, म्हणून आठव्यानंतर तेरावा येई आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. शिकवण्याची रीत ठरलेली. मास्तर एक ओळ फारसीत म्हणत, लगोलग तिचा उर्दू अर्थ, आणि पोरं मांडी घालून पुढं-मागं झुलत दोन्ही एका दमात म्हणत. तीन वर्षांत किताब पाठ. तपासणीचे साहेब आले की धड्याचा नंबर सांगत. पोरगं पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत न अडखळता जाई. साहेब खूश होऊन चहाला जात.

या झुलणाऱ्यांत पहिला नंबर रामकिशनचा. त्याचा बाप सोनाजी कोरडवाहू शेती करणारा, पण पोराचं त्यानं ठरवून टाकलं होतं. पोरगं तहसिलीत अहलकार, म्हणजे कारकून, होणार. त्याला फौकानिया, म्हणजे हिंगोलीचं हायस्कूल, पास पाहिजे आणि हायस्कुलात फारसी पाहिजे. नाही तर औत.

"तहसिलीचा समदा कागद फारसीत चालतो," सोनाजी बायकोला म्हणाला. "मी पाह्यलाय."

"तुमाला वाचता येतं का?" द्वारकाबाई म्हणाली.

"वाचता न्हाई येत. पाहता येतं."

"अन् लेकरू गेल्यावर औत कोण धरंल?"

"मी काय मरून राहिलो का?"

रामकिशनला औताचा मनापासून कंटाळा होता. एवढ्या एका गोष्टीवर बापलेकांचं एकमत होतं.

सदतीस सालच्या जूनमध्ये तो हिंगोलीला गेला. तिथं फारसीला नासेर साहेब होते: शेरवानी, खिशात घड्याळ, हैदराबादेत शिकलेले. नव्या पोरांना वर्गात घेण्याआधी ते एकेकाला उभं करत. रामकिशनला त्यांनी फारसीत विचारलं, "नामे तू चीस्त?" म्हणजे तुझं नाव काय.

हा सवाल किताबेत नव्हता. पण साहेबांना काहीतरी फारसी पाहिजे आहे एवढं त्याला कळलं, म्हणून तो झुलत झुलत पहिला धडा म्हणू लागला. नासेर साहेबांनी मध्ये तोडलं नाही. एकही चूक नव्हती, त्यामुळं तोडायला जागाच नव्हती.

धडा संपल्यावर ते म्हणाले, "अच्छा. घोडे को क्या बोलते?"

घोडा पाचव्या धड्यात होता. रामकिशननं पाचवा धडा सुरू केला. बादशहा शिकारीला निघाला, वजीर मागं राहिला, दरवेश भेटला. मागच्या बाकावरची पोरं हसू लागली. नासेर साहेबांनी घड्याळ काढलं.

"मियाँ, घोडा और कितना दूर है?"

"दो सतर, जनाब." दोन ओळी.

"आने दो."

घोडा आला. "अस्प," रामकिशन म्हणाला आणि थांबला.

"शाबाश. अब जरा उसको पानी पिलाओ. फारसी में."

"पानी सातवें सबक में है, जनाब."

नासेर साहेब हसले नाहीत. एखाद्या तापकऱ्याकडं बघावं तसं त्यांनी त्याच्याकडं बघितलं आणि चिठ्ठी लिहून दिली: फारसी नाही, एक साल परत मिडलात.

चिठ्ठी वाचून गुलाम नबी मास्तरांचा चेहरा उतरला, मग चढला. "मेरे शागिर्द को फारसी नहीं आती? बोल, सबक चौदा." रामकिशन बोलला. मास्तरांनी शंभरातले शंभर दिले. हे त्यांनी वर्षभरात तीनदा केलं.

पण रामकिशनच्या मनात घोडा तहानलेला राहिला होता. औतामागं चालताना तो ओळी मोडून शब्द सुटे करू लागला. पंचाईत अशी, की किताबेत बादशहा होता, बाग होती, उंट होता. बैल, ढेकूळ, बांध यांच्यापैकी काही नव्हतं. तरी सात-आठ महिन्यांत त्यानं इकडचं तिकडं जोडून स्वतःचं असं एक वाक्य केलं. एका सकाळी शाळा भरायच्या आधी तो मास्तरांसमोर उभा राहिला आणि त्यानं ते फारसीत विचारलं: उस्ताद, आज आपली तब्येत कशी आहे?

मास्तर खडू हातात धरून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. ते पहिल्या धड्यापासून शोधत होते, हे रामकिशनला कळलं. चौथ्या की पाचव्या धड्यापाशी त्यांनी सोडून दिलं.

"ये कौन से सबक में है बेटा?"

"कुठंच न्हाई जनाब. मी केलं."

मास्तरांनी खडू ठेवला. "हमको भी ऐसेच पढ़ाए थे," ते म्हणाले. मग पोरं आली आणि पहिला धडा सुरू झाला. रामकिशनही झुलू लागला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

जूनमध्ये तो परत हिंगोलीला गेला. या खेपेला नासेर साहेबांनी बागेबद्दल चार सवाल केले. एकाचं उत्तर त्यानं जुळवलं. तोवर साहेब पुढच्या पोराकडं वळले होते. चिठ्ठी तीच होती, फक्त यंदा "एक साल" हे शब्द नव्हते.

"काहून आलास परत?" सोनाजीनं विचारलं.

"फारसी न्हाई येत."

"अन् एवढी वर्सं काय करून राहिला होतास?"

"पाठ."

दुसऱ्या दिवशी पेरणी होती. रामकिशननं औत धरलं आणि पुढं सगळं आयुष्य धरलं.

निजामाच्या तहसिलींतून फारसी उठून उर्दू आली, त्याला तेव्हा पन्नासावर वर्षं झाली होती.