सासूबाईंच्या पर्समधला फोन

मुलाला बढती मिळाली म्हणून सासूबाईंनी मुलगा, सून आणि लेक अशा सगळ्यांना जपानी हॉटेलात नेलं. सून खूश होती, उगाच खोटं कशाला बोला! कच्च्या माशाला नाक मुरडून झालं, काड्यांमधून भात मांडीवर सांडून झाला, नणंद खो खो हसली. पण ते गरम सूप पोटात गेलं आणि कोणीतरी आपल्याला आयतं वाढतंय, ह्याचंच तिला अप्रूप वाटलं.

ह्या घराची एक रीत होती. सुनेचा फोन सासूबाईंच्या पर्समध्ये राहायचा. माहेरी बोलायचं ते रविवारी, सगळ्यांसमोर, मोजकं. "सारखं माहेर-माहेर केलं की पोर सासरी रमत नाही," असं सासूबाई सांगत आणि शेजारणी माना डोलावत. नुसता फोन तर ठेवून घेतलाय, त्यात काय एवढं, नाही का?

समोरच्या टीव्हीवर भूकंपाच्या बातम्या चालू होत्या, आवाज बंद. बिचारी माणसं, म्हणून सून सूप पिता पिता हळहळली. मग पडद्याच्या खालून गावाचं नाव सरकत आलं आणि तिच्या हातातली वाटी निसटली.

"आई, माझा फोन द्या. माझं माहेर आहे ते!"

"जेवण होऊ दे. इथे बसून तू काय ढिगारे उपसणार आहेस?"

"द्या म्हणते ना!" तिने पर्सला हात घातला.

नवऱ्याने तिचं मनगट पिरगाळलं. ती तरी सोडेना. मग त्याने सगळ्यांदेखत तिच्या अशी थोबाडीत मारली की तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं आणि भुवई फुटून रक्त ताटात पडलं. "चारचौघांत तमाशा करतेस?" केस धरून त्याने तिचं तोंड टेबलावर दाबलं. शेजारच्या टेबलावरचे साहेब बायकोला म्हणाले, "तू जेव. घरचं भांडण आहे त्यांचं." आणि ती जेवली हो!

झटापटीत पर्स खाली पडली. फोन नणंदेने उचलला. वहिनीच्या भावाचे फोनच फोन येऊन गेले होते, सकाळपासून.

"आई, तुला माहीत होतं?"

"आजच्या दिवशी विरजण नको म्हणून..." सासूबाई पुटपुटल्या.

नणंदेने फोन लावून वहिनीच्या कानाशी धरला. भावाचा आवाज पार बसला होता. "ताई, आता कशाला? आई दुपारपर्यंत बोलत होती ढिगाऱ्याखालून. फटीतून हात घालून मी फोन तिच्या कानाशी नेला होता. नुसती रिंग वाजत राहिली गं. 'कामात असेल पोर,' म्हणाली. मग बोललीच नाही."

सुनेने असा टाहो फोडला की जेवणारे हात थांबले. नवऱ्याने पुन्हा हात उगारला. टेबलावरच्या शेगडीवर सूप रटरटत होतं. तिने ते भांडं दोन्ही हातांनी उचललं. हात भाजले, तिला कळलंही नाही.

"लाव हात. लाव ना!"

तो खुर्चीसकट मागे सरला. तिने भांडं खाली आदळलं आणि ती दाराकडे चालू लागली.

"गेलीस तर घराचे दरवाजे बंद!" नवरा मागून ओरडला.

"उघडे कधी होते?"

नणंद तिच्यामागे निघाली. सासूबाईंनी लेकीचा हात धरला. "तू कुठे? पुढच्या महिन्यात लग्न आहे तुझं!"

"म्हणूनच विचारते आई. तिथे माझा फोन कोणाच्या पर्समध्ये असेल?"

सासूबाईंनी हात आणखी घट्ट धरला. लेकीने तो झटकून सोडवला, वहिनीला सावरलं आणि दारावरच्या माणसाला पोलीस चौकीचा रस्ता विचारला.