पेण केबलचा शनिवार

पेणमध्ये केबल आणली सॅमसनने, पण शनिवारी ती चालवायचा शिवा. सॅमसन बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारचा मावळेपर्यंत तो दिव्याच्या बटणालाही हात लावत नसे, मग व्हीसीआर नि बूस्टरची गोष्टच सोडा. त्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती. तिथे नव्वद साली दोघांनी भागीत चॅनेल काढलं, तेव्हाच शिवा म्हणाला होता, "शनवार माझा. तू खुशाल झोप." शिवा खाडीकाठच्या मिठागरात वाढलेला गडी. खांबावर असा सरसर चढायचा की खालच्याला धडकी भरावी.

सुरुवातीला नुसते सिनेमे दाखवायचे. मग नळाला पाणी कधी येणार, कोण वारलं, कुणाची म्हैस हरवली, हेही पडद्यावर यायला लागलं. गणपतीत तर सॅमसनच्या अंगात यायचं. खांद्यावर कॅमेरा टाकून तो घरोघर फिरायचा आणि पेणमधला प्रत्येक घरचा गणपती टीव्हीवर दाखवायचा. बंगल्यातली मूर्ती असो की कुडाच्या घरातली, पडद्यावर सगळ्यांना सारखाच वेळ. कुणी वशिला लावायला आलं, तर सॅमसन त्याला दुकानाच्या पायरीवरूनच वाटेला लावायचा. हातावर ठेवलेला मोदक दुसऱ्या देवाचा प्रसाद म्हणून तो खायचा नाही, टाकायचाही नाही; रुमालात बांधून शिवाच्या पोरींना नेऊन द्यायचा. आळीच्या टोकाला राहणारी सगुणाबाई आपला गणपती पडद्यावर दिसला की शेजारणीला हाका मारून घसा बसवून घ्यायची.

सॅमसनची सगळी माणसं एव्हाना इस्रायलला गेली होती. शेवटी बहीण सिपोरा गेली, तेव्हा तिने त्याच्यासमोर पदर पसरला. "तुझं कोण उरलंय रे इथे?" सॅमसन म्हणाला, "पेण आहे ना." ती रडत विमानात बसली आणि हा दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन केबल ओढायला गेला.

पण पेणकरांचा विश्वास बसेल तर शपथ. त्यांनी मनातल्या मनात त्याची बॅग कधीच भरून ठेवली होती. चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, बाजारात एकच प्रश्न: "मग, कधी जाताय?" त्यात वाईट हेतू कुणाचाच नसायचा, आणि त्याचाच सॅमसनला जास्त संताप यायचा. सात-आठ वर्षं तेच उत्तर देऊन माणूस थकतो. पुढे पुढे तो नुसता हसायचा. त्या हसण्याचा अर्थ लोकांनी आपल्या सोयीने लावला, आणि शिवानेही.

मधे केबलचा कायदा आला. पोस्टात जाऊन नाव नोंदवायचं होतं. दोघांनी ते आज-उद्या करत ढकललं आणि नेमका शेवटचा दिवस आला शनिवारी. शनिवारी लिहिणंही वर्ज्य, मग सॅमसन सही कशी करणार? शिवा कागद घेऊन दारात उभा राहिला, तर हा म्हणतो, "तुझं एकट्याचं नाव घाल. तुझं-माझं काय वेगळं आहे?" असलं बोलणं मैत्रीत शोभतं. सरकारदरबारी त्याचा अर्थ एवढाच झाला, की पेण केबलचा मालक शिवा.

सत्त्याण्णव साली रोह्याचा मितेश आला. रोहा, नागोठणं, गडबपर्यंत त्याची केबल पोचली होती. आता त्याला पेण हवं होतं. मोठ्या डिशा, खंडीभर चॅनेलं, चोवीस तास मॅच. "तुमचं ते म्हशी-बिशी सगळं बंद करू," तो सॅमसनच्याच खुर्चीत बसून म्हणाला. "गणपती दाखवू की, जाहिरात देतील त्यांचे." सॅमसनने त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. शिवा खाली मान घालून बशी पुसत राहिला. तो काहीच कसा बोलला नाही, हे सॅमसनच्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी सॅमसन घरात प्रार्थना करत होता. बाहेर शिडीचा आवाज आला. खिडकीतून बघतो तर मितेशची माणसं समोर त्याच्याच दुकानाच्या कौलांवर चढलेली. तो तसाच, टोपी डोक्यावर ठेवून, चालत गेला. वरच्या खोलीत शिवा एकटाच होता. पेणच्या मशीनमधली केबल काढून रोह्याची जोडायचं काम त्याने नुकतंच उरकलं होतं. टीव्हीवर मॅच चालू होती आणि कोपऱ्यात मितेशच्या कंपनीचं नाव.

"हे काय, शिवा?"

"इकलं मी," शिवा टीव्हीकडे बघत म्हणाला. "मला पगारावर ठेवतोय तो. तू आज ना उद्या जाशील. मंग मी एकटा काय करू? माज्या पोरी हायत."

"पण आज? शनिवारी?"

 शिवाने एकदाचं सांगून टाकलं, "दुसऱ्या कुठल्याबी दिवशी तू हात धरला असतास. आज तू कशाला हात लावणार नाय, म्हून आज."

 हा दिवस शिवाने इतकी वर्षं सॅमसनसाठी सांभाळला होता. त्याचं सगळं कुलूप-किल्लीसकट याला माहीत. चोर बाहेरचा असता तर परवडला असता.

ती केबल हाताच्या अंतरावर होती. सॅमसन तिच्याकडे बघत उभा राहिला. बापाची आठवण झाली, सिपोराची झाली. मग त्याने हात पुढे केला आणि जॉइंट उपटून काढला.

पडद्यावर मुंग्या आल्या. सगळ्या पेणमध्ये आल्या. दोन चहा होतील तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजायला लागली. लोकांच्या तोंडी शिव्या होत्या, कारण ऐन मॅचमध्ये चित्र गेलं होतं. सगुणाबाईही धापा टाकत आली. तिचा लेक मॅच बघत होता.

"मी बंद केलं," सॅमसन म्हणाला. "आपलं चॅनेल रोह्याला विकलंय. तुमचे गणपती उद्यापासून..."

"गणपती येतील तवा बघू!" मागून कुणीतरी ओरडलं. "आदी मॅच लावा!"

"तुमचं काय, तुमी उद्या इमानात बसाल," दुसरा म्हणाला. "आमी काय बघायचं?"

शिवा केबल उचलायला वाकला. घाईत जॉइंट सारखा तिरका जायचा, बसेना. सगुणाबाई पुढे आली. ती ओरडली नाही. अगदी घरच्या माणसासारखी, मायेने म्हणाली, "सॅमसनभाऊ, आज तुमचा शनवार, मला ठावं हाय. पन आता हात लागलाच हाय, तर तुमीच लावा की परत. त्याला जमत नाय."

सॅमसनने तिच्याकडे पाहिलं. मग शिवाच्या हातातून केबल घेतली आणि नीट, घट्ट बसवली. चित्र आलं. लोक जिना उतरून गेले. जाताना कुणीतरी धावसंख्या विचारत होतं.

खोलीत दोघेच उरले. शिवाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्याला स्वतःची बाजूही सोडवत नव्हती. "खरं सांग," तो म्हणाला, "तू जानारच व्हतास ना?"

"आज सकाळपर्यंत नव्हतो," सॅमसन म्हणाला.