तयारी झालेली न्हाई

"सगळे तयार हाईत ना? हात वर करा," चेअरमन परमेश्वर अण्णा म्हणाले.

बीडच्या दूध संघाच्या बैठकीत सगळ्यांचे हात वर गेले. मोहिनीचा तेवढा टेबलावरच राहिला.

मोहिनी संघाची भांडारप्रमुख. दूध संकलन, शीतकरण, पशुखाद्य, पनीर असा सगळा कारभार एकाच संगणक प्रणालीत आणायचा, ईआरपी बसवायची, असं ठरलं तेव्हा अण्णांनीच तिला तयारीला लावलं होतं. तेव्हापासून ती एसटीनं केंद्रं पालथी घालत होती. एकाच गवळ्याचं नाव जुन्या संगणकात तीन-तीन तऱ्हेनं पडलेलं. ते निस्तरणं अर्ध्यावर होतं. केंद्रांवर दूध मोजून त्याची नोंद आता टॅबवर करायची होती, पण मोजणाऱ्या बायांना तर अजून कुणी काही शिकवलंच नव्हतं. पण अण्णांचा वाढदिवस जवळ आला होता. उद्घाटन त्याच दिवशी करायचं म्हणून मांडव ठरला होता, पाहुणे ठरले होते.

"मोहिनीताई, काय अडलं?"

"बाया तयार न्हाईत, अण्णा. शिकवायला वेळ द्या."

"त्यात काय शिकवायचं? बटण तर दाबायचं हाय."

"मग तुमी दाबून दाखवा. समोर क्यान घेतलेली रांग उभी असताना."

अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उद्यापासून तुमी नेकनूरच्या पशुखाद्य गोदामात बसा."

जिन्यात रईसनं तिला गाठलं. बीडच्याच मेकॅनिकचा हा मुलगा आता प्रणाली बसवणाऱ्या पुण्याच्या कंपनीत होता आणि तिच्या वतीनं बैठकीला आला होता.

"ताई, हात वर करून टाकायचा. नंतर दुरुस्त केलं असतं."

"तयारी न्हाई, हे तुला ठाव हाय ना?"

"हाय."

"मग तुझा हात कावून वर गेला?"

रईस खाली मान घालून पायऱ्या उतरून गेला.

नेकनूरच्या गोदामात मोहिनीनं पेंडीच्या पोत्यांना फळा टेकवला आणि वर्ग सुरू केला. दुपारी संकलन नसायचं, तेव्हा आसपासच्या केंद्रांवरच्या बाया यायच्या. नेकनूर केंद्राची साखराबाई पहिल्या दिवशी दारातच उभी राहिली.

"आमचं काम काढून घ्यायला आणलंय ना हे?"

"शिकला न्हाईत तर घेतील."

साखराबाई आत आली आणि पुढ्यातच बसली.

ही बातमी बीडला पोचली. वर्ग बंद करा, असा अण्णांचा निरोप आला आणि दुसऱ्या दिवशी गोदामाला कुलूप पडलं. मोहिनीनं फळा बाहेर पत्र्याच्या सावलीत आणून ठेवला. बाया उन्हातून चालत आल्या आणि तिथंच बसल्या.

"आन् उद्घाटनाच्या दिवशी आमाला जमलं न्हाई तर?" एकीनं विचारलं.

मोहिनी काही बोलायच्या आधीच साखराबाई म्हणाली, "तर हात लावायचा न्हाई. नोंद चुकली तर गाव आपल्या दारात येतंय. अण्णाच्या न्हाई."

हे बोलणं टँकरबरोबर केंद्राकेंद्रावर पोचलं आणि तसंच झालं. वाढदिवसाला पाहुण्यांनी कळ दाबली, टाळ्या वाजल्या, भला मोठा पडदा उजळला. केंद्रांची नावं एकाखाली एक उमटली. त्यांच्यापुढं दुधाचा आकडा मात्र कुठंच नव्हता. अण्णांनी मांडवामागं जाऊन नेकनूरला फोन लावला.

"दूध कुठं हाय?"

"टँकरात," साखराबाई म्हणाली. "रोजच्यासारखं मोजून घातलं. तुमच्या मशीनला हात लावला न्हाई."

"कुणी सांगितलं तुमाला?"

"कुणी कशाला सांगाया पाहिजे? शिकवा, मग लावू."

अण्णा रईसकडं वळले. "तुझं यंत्र बिघडलं म्हणून सांग पाहुण्यांना."

रईसचा साहेब शेजारीच उभा होता. रईसनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. "यंत्र ठीक हाय, अण्णा. तयारी झालेली न्हाई. ताई खरं बोलल्या होत्या."

उद्घाटन पुढं गेलं. मोहिनीला कामावरून काढायची नोटीस निघाली आणि गवळ्यांच्या नावांचा घोळ तिच्यावाचून सुटेना तेव्हा मागंही घेतली गेली. अण्णांनी तिला फोन केला. "परत या बीडला. झालं गेलं सोडा."

"आधी गोदामाचं कुलूप काढा. शिकवून झाल्याशिवाय मी येणार न्हाई."

फोन आपटल्याचा आवाज तिला नीट ऐकू आला. पण दुपारी शिपाई किल्ली घेऊन आला, आणि त्याच्या मागोमाग टॅबचं खोकं डोक्यावर घेतलेला रईस. त्यानं एक टॅब चालू करून साखराबाईच्या हातात दिला.

"मावशी, आधी काय दाखवू?"

"चुकलं तर खोडायचं कसं," साखराबाई म्हणाली, "ते दाखव पहिल्यांदा."